पायताणाचा वायसर

नव्वदच्या दशकात लग्न होऊन मी कोल्हापुरात आले, आणि आल्या दिवसापासून सासरच्या स्वयंपाकघरातला नळ गळत होता. गच्चीवरची टाकी सकाळी भरायची आणि दुपारी रिकामी व्हायची. मग रस्त्यावरच्या नळावरून कळशा आणायच्या कोणी? नव्या सुनेनं. नवऱ्याला 'करतो की' म्हणायची सवय. प्लंबर तीनदा 'आलोच' म्हणाला आणि गेला तो गेलाच.

माझे वडील पेठ वडगावात हातपंप दुरुस्त करायचे. पंपातली कातड्याची चकती झिजली की नवी कापून तेलात बुडवून ठेवायचे. मी शेजारी बसून बघायचे. एकदा जेवताना मी सांगितलं, "नळाचा वायसर गेलाय. मी बदलते." नवरा हसला. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई म्हणाल्या, "बायकांनी पाना धरायची रीत न्हाई आपल्यात."

कळशा धरायची मात्र रीत होती. माझं डोकंच फिरलं.

दुसऱ्या दिवशी आत्या बारशाला गेल्या. मी टाकीचा कॉक बंद केला, पाना शोधला, नळ उघडला. आतल्या वायसरचा भुगा झाला होता. बाजारात रबराचा मिळत होता, पण माझ्या हाताला कातडंच ठाऊक. माळ्यावर नवऱ्याचं जुनं कोल्हापुरी पायताण पडलं होतं. त्याचा तुकडा घासून धुतला, गोल कापला, गोडेतेलात भिजवून बसवला. नळ बंद केला आणि समोर बसून राहिले. एक थेंब नाही. इतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता.

तेवढ्यावर गप्प बसले असते तर भागलं असतं. पण संध्याकाळी मी कौतुकानं सगळं सांगून टाकलं, पायताणासकट.

आत्या ताडकन उठल्या. "पायताण नळात घातलंस? देवाचं पाणी त्यातनं भरू व्हय मी?"

"तुमच्या माहेरच्या विहिरीवर मोट कशाची हुती, आत्या? कातड्याचीच की."

"त्ये कातडं कुणी पायात न्हवतं घातलं! काढ आधी."

बोलणं बिनतोड होतं. तरीही मी म्हणाले, "मी न्हाई काढनार." आणि पाना नवऱ्यापुढे धरला. "तुमी काढा." त्यानं पाना उलटसुलट करून बघितला आणि खाली ठेवला.

दुसऱ्या दिवसापासून आत्या देवाचं पाणी स्वतः रस्त्यावरून आणू लागल्या. गुडघे धरून, पायरीपायरीला थांबत. मी कळशी घ्यायला गेले तर हात झटकला. मला फार वाईट वाटायचं. रात्री पडल्या पडल्या ठरवायचे, उद्या काढून टाकू. सकाळी तो कोरडा नळ बघितला की पुन्हा ताठ व्हायचे. आज हा वायसर काढला तर उद्यापासून या घरात माझ्या हाताला फक्त कळशीच, हे मला स्वच्छ दिसत होतं.

पाचव्या दिवशी आत्या कळशी घेऊन निघाल्या नाहीत. आमच्याच नळाखाली देवाचा तांब्या धरला, भरला, आणि पूजेला बसल्या. पूजा आटोपून माझ्यापुढे उभ्या राहिल्या. एका हातात पाना, दुसऱ्यात त्यांचं स्वतःचं जुनं पायताण.

"शेजारणीचा नळ गळायलाय. ह्यातलं कातडं मऊ हाय. चल."

मी पाना घेतला. दारात त्या कुजबुजल्या, "पदराखाली घे. कट्ट्यावर गडी बसल्यात."

"बसू द्यात की."

पाना हातात उघडा धरून मी गल्लीतून निघाले. मागोमाग हातात पायताण घेऊन आत्या. कट्ट्यावरच्यांनी पाय आखडून आम्हाला वाट दिली.