पिंपळपानाची भाजणी

रहिमतपूरहून विट्याला निघालेली एसटी खड्ड्यात आदळली की आक्काताई मांडीवरचा डबा अलगद वर उचलून धरी. डब्यात, कापसावर, तिनं घडवून वाळवलेली पिंपळाची दोन पानं होती. अंगठ्याच्या नखाएवढी, बिस्किटासारखी ठिसूळ. परवा साक्षीचं लग्न. लेकीच्या कानात आपल्या हातची चांदी घालायची, असा तिनं हट्टच धरला होता.

आक्काताई अंगणवाडीत पोरांना मातीचे बैल करून द्यायची. ते ठाऊक असल्यानं भाऊ कपिलनं तिच्यासाठी चांदीच्या मातीचं पाकीट आणलं होतं. अठ्ठ्याण्णव साली कारखान्यानं त्याला सहा महिने जपानला धाडलं, तिथून. चांदीची पूड चिकट लगद्यात कालवलेली. हवी तशी घडवायची, वाळवायची, भाजायची. लगदा जळतो, चांदी उरते. डब्यातली पानं त्याच मातीची. "आठशे सत्तर अंशावर अर्धा तास," कपिलनं बजावलं होतं. "त्याच्यावर नव्वद अंश चढलं की सगळं पाणी."

गावातल्या सोनारांनी हात झटकले. मग कुणीतरी अर्जुनाबाबांचं नाव सुचवलं. तीस वर्षं परमुलखात सोनं-चांदी गाळून म्हातारा विट्याला परतला होता.

त्यांच्या भट्टीसमोर तिनं डबा उघडला. एका पानाचं टोक तुटलं होतं.

"ह्यात चांदी हाय व्हय?" बाबांनी विचारलं.

"हाय. पण वितळवायची न्हाई बाबा, नुसती भाजायची."

"आगं, आमी जल्मभर वितळवलीच की!"

पाकिटातली उरलेली चिमूटभर माती पाण्यात कालवून तिनं टोक चिकटवलं. ते वाळेपर्यंत बाबा तिच्याकडं बघत राहिले, मग उठून कोळसा पेटवायला लागले.

अंश मोजायला काहीच नव्हतं, होती ती बाबांची नजर. विटेच्या तुकड्यावर पानं ठेवून त्यांनी ती आत सरकवली. थोडा धूर निघाला, ज्योत उठली, विझली. पानं लाल झाली, मग नारिंगी. बाबा भाता कधी चालवत, कधी थांबवत. आक्काताई घड्याळाकडं बघत होती. पंधरा मिनिटं. वीस.

पंचविसाव्या मिनिटाला डाव्या पानाची कड आरशासारखी चमकली.

"बाबा, पाणी व्हायला लागलं!"

"हालू नकोस!" त्यांनी भाता सोडला, सांडशीनं दोन निखारे बाजूला ओढले. चमक जागीच थिजली. उरलेली पाच मिनिटं बाबांनी भाता जपून, हळूहळू चालवला.

गार झाल्यावर पानं चुन्यासारखी पांढरी दिसली. आक्काताईचा चेहरा पडला. बाबांनी पितळी ब्रश पुढं केला. तिनं घासलं, आणि शीर न् शीर लखलखायला लागली. जोडलेलं टोक घट्ट होतं. डाव्या पानाची कड मात्र थेंबासारखी गोळा झाली होती.

"ऱ्हाऊ दे तशीच," बाबा म्हणाले. "लय मन लावून केलंस पोरी. पण ही माती पुन्यांदा कुठनं आणशील? चांदीच्या पत्र्याचं काम शिकतीस का?"

लग्नात साक्षीनं आकडे लावून तीच पानं कानात घातली. पुढच्या रविवारी आक्काताई पुन्हा विट्याच्या एसटीत बसली. वर्षभरानं रहिमतपूरच्या बाजारात ती स्वतः घडवलेली चांदीची कर्णफुलं मांडून बसू लागली, तेव्हा हात झटकणाऱ्यांतला एक सोनार मुद्दाम येऊन, एक फूल उलटंपालटं करून बराच वेळ बघत उभा राहिला.