थोरलीचा अनंत, धाकटीचा मोगरा

थोरलीला धाकटीचा हेवा वाटायचा. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण ती स्वतः मरेपर्यंत कबूल करायची नाही.

थोरली काजं करायची. शिंपी कोट शिवून पाठवायचा आणि ही दारात बसून हाताने एकेक काज घालायची. गल्लीत तिचं नावच काजवाली पडलं होतं. काळ्या कापडावरचा काळा दोरा दिसणारी नजर ती. अंगणापलीकडे जावेच्या दारात काय चाललंय ते दिसायला तिला काय लागतंय! दोघींची दारं एकाच फरसबंद अंगणात उघडायची. थोरलीचं दार उंच भिंतीच्या कडेला, तिथे सकाळचं कोवळं ऊन यायचं आणि दुपारी गार सावली. धाकटीच्या दारात मात्र दिवसभर लख्ख ऊन. मधल्या खोलीत सासरे.

सासऱ्यांनी जन्मभर सुऱ्याकात्र्यांना धार लावली. म्हातारपणी डोळे गेले, दुकान बंद झालं. तेव्हापासून त्यांचं औषधपाणी, कपडे, जेवणखाण सगळं थोरलीने केलं. पण म्हाताऱ्याच्या तोंडून कधी "बरं केलंस गं" निघालं नाही. आपण आता त्याची वाट बघणं सोडलंय, असं ती म्हणायची. म्हणजे अर्थातच सोडलं नव्हतं.

मग लग्न होऊन धाकटी आली ती मोगऱ्याची कुंडी घेऊनच. उन्हाळा तापला तसा मोगरा फुलला, आणि एका सकाळी सासरे काठी टेकत अंगणात आले ते जागच्या जागी उभे राहिले.

"वा! कुणाचा गं हा मोगरा?"

"माझा, बाबा," धाकटी म्हणाली.

"वा, वा! काय घमघमाट आहे!"

थोरलीच्या बोटात सुई घुसली. तीन वेळा वा! इतक्या वर्षांत तिच्या वाट्याला अर्धाही आला नव्हता. बरं, थोरलीकडे झाड नव्हतं असंही नाही. तिच्या दारात अनंत होता, फांदी लावून हाताने वाढवलेला. चांगला कमरेएवढा झाला होता. फुलं मोजकीच, पण एकेक फूल परीटघडीच्या कॉलरसारखं शुभ्र. त्याच्या शेजारून म्हातारा रोज जायचा, पण अनंताबद्दल कधी अवाक्षर नाही.

त्या दिवशी तिने ठरवलं, यंदा अनंत असा फुलवायचा की म्हाताऱ्याने वा म्हटलंच पाहिजे. बाकी काही नको. एक वा.

आता कुणी शहाणी बाई असती तर अनंताला काय हवं ते तिने अनंताकडे बघून ठरवलं असतं. थोरलीने बघितलं मोगऱ्याकडे. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, तशातली गत. मोगरा दिवसभर उन्हात, म्हणून तिने अनंताची जड कुंडी ढकलत ढकलत सावलीतून काढली आणि अंगणातल्या हौदापाशी रणरणत्या उन्हात नेऊन ठेवली. प्रत्येक बहराआधी धाकटी मोगऱ्याचं पाणी तोडायची, म्हणून हिनेही अनंताला तहानेलं ठेवलं. धाकटी बंबातली राख मोगऱ्याच्या बुडाशी टाकायची, म्हणून हिने अनंताला ओंजळभर जास्तच टाकली.

धाकटीने ते पाहिलं. भीतभीतच म्हणाली, "ताई, अनंताला राख चालत नाही हो. त्याला आंबट माती लागते. आमच्याकडे त्याला सावलीत ठेवायचे आणि माती सुकू द्यायचे नाहीत."

"असं का?" थोरली गोड हसली. मनात म्हणाली, बघा ही साळसूद! हिला माझं झाड फुलायला नकोय. आणि दुसऱ्या दिवशी आणखी राख टाकली.

अनंत पिवळा पडला. पानांच्या शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या. कळ्या धरल्या होत्या त्या उमलण्याआधीच टपाटप गळून पडल्या. थोरली सकाळी अंगण झाडायची तेव्हा केराबरोबर त्याही सुपलीत यायच्या. समोर मोगऱ्यावर फुलं मावत नव्हती आणि सासऱ्यांचं "वा, वा" रोज चालूच होतं. त्यातच एकदा म्हातारा थोरलीच्या दाराशी येताना भिंतीवर धडकला. कपाळाला टेंगूळ आलं. थोरलीने औषध चोळलं, पण तोंडाने करवादलीच. "काठी कशाला दिलीय हातात? तिकडे मोगऱ्यापाशी बरे नीट पोचता!"

म्हातारा भिंत चाचपत आपल्या खोलीकडे वळला.

वर्ष सरलं. थंडीच्या शेवटी धाकटी चार दिवस माहेरी निघाली. "ताई, मोगऱ्याला जरा पाणी घालाल ना?"

"जा निर्धास्त," थोरली म्हणाली.

दुपारी अंगणात कुणी नव्हतं. थोरली पाण्याचा तांब्या घेऊन मोगऱ्यापाशी गेली. फुलं नव्हती, नुसता पाला. तरी तो पाला बघून तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ही काल आली, एक कुंडी आणली, आणि म्हाताऱ्याला जिंकून बसली. मी काय केलं इतकी वर्षं? गोट्या खेळले? तांब्या खाली ठेवून ती घरात गेली, सासऱ्यांनीच धार लावलेली काजाची कात्री घेऊन आली आणि कापत सुटली. शेंडे कापले, फांद्या कापल्या, शेवटी वीतभर खुंट उरले तेव्हा थांबली. मग घाबरली. मग सगळा पाला गोळा करून बंबात घातला.

धाकटी आल्यावर ठरवून ठेवलेलं वाक्य तिने फेकलं, "कीड लागली होती. कापावा लागला."

धाकटी खुंटांकडे बघत राहिली. डोळे भरले, पण तोंडातून एवढंच आलं, "बरं झालं तुमचं लक्ष गेलं."

ते ऐकून थोरलीला लाज वाटली का? वाटली, थोडी. पण त्याहून जास्त वाटलं ते सुख.

ते सुख फार टिकलं नाही. खुंटांना लालसर कोंब फुटले. कोंबांच्या फांद्या झाल्या, आणि उन्हाळा लागला तसा मोगरा असा काही फुलला की पानं दिसेनात. करायला गेले काय आणि वरती झाले पाय! गल्लीतल्या बायका बघायला आल्या. धाकटीने सगळ्यांसमोर थोरलीचा हात धरला. "हे सगळं ताईंचं. मोगरा थंडी सरताना खालपर्यंत छाटावा म्हणून आई कानीकपाळी ओरडते, पण माझा हातच धजत नव्हता."

मग काय, ज्याला त्याला काजवालीचा हातगुण हवा. कोण गुलाब घेऊन येतंय, कोण जुई. थोरली हसून कापायची आणि आतून जळायची. जिचं वाईट करायला गेली तिचंच भलं झालं, आणि वर शाबासकीही हिलाच! शिव्या परवडल्या असत्या.

सासरे आपल्या दारात बसून हे सगळं ऐकत होते. बायका गेल्यावर त्यांनी हाक मारली, "मोठे, तुझी कात्री आण."

तिने आणून दिली. म्हाताऱ्याने पात्यावरून अंगठा फिरवला.

"बोथट झालीय. ही दोऱ्याची कात्री. लाकूड कापलंस हिने."

"मोगरा छाटला ना, बाबा."

"छाटणारा थांबत थांबत कापतो. बघतो, मग कापतो. मी त्या दुपारी जागा होतो. माझ्या धारेचा आवाज मला कळतो. तू थांबलीच नाहीस."

थोरलीच्या तोंडचं पाणी पळालं. "धाकटीला सांगितलंत?"

"मी कशाला सांगू?"

तेव्हा इतक्या वर्षांचं आत साठलेलं बाहेर आलं. "तिच्या मोगऱ्याला रोज वा, वा! माझ्या अनंताला एकदा तरी म्हणायचं होतंत! मी माणूस नाही?"

म्हातारा गोंधळला. खरोखरच गोंधळला.

"अनंताला काय वा म्हणायचं? अगं, डोळे गेल्यापासून त्याला बहर असला की मी त्या वासावर तुझ्या दाराशी येतो. मोगऱ्याचा घमघमाट साऱ्या अंगणात, त्याने दार कसं सापडणार? गेल्या वर्षी तू अनंत हलवलास, मग त्याचा वासच बंद झाला. भिंतीवर धडकलो तो काय हौसेने?"

थोरलीची नजर त्यांच्या कपाळावर गेली. ते टेंगूळ तिने स्वतःच्या हाताने चोळलं होतं, वर टोमणा मारून.

म्हाताऱ्याने धारेचा दगड मागवला आणि कात्रीला धार लावत बसला. थोरली हौदाकडे गेली. वरची राखाडी माती खरवडून काढली, आणि कुंडी ओढायला लागली.

"ताई, एका बाजूने धरू?" धाकटीने विचारलं.

"नको," थोरली म्हणाली. गेल्या वर्षी ईर्ष्येने ढकलत आणलेली कुंडी आता तसूभर हलेना. "धर."

अनंत पुन्हा भिंतीच्या सावलीत आला. सावरायला त्याला वेळ लागला. धाकटीने सांगितलं तशी कुजक्या पाल्याची माती घातली, ओल राखली, कात्री लावली नाही. पुढच्या बहराला मोजकी फुलं आली. पहिलं फूल उमललं त्या सकाळी सासरे खोलीतून निघाले ते काठी भिंतीला न लावता सरळ थोरलीच्या दाराशी येऊन उभे राहिले.

"चहा झाला का गं?"

फुलाबद्दल चकार शब्द नाही. थोरलीने कप त्यांच्या हातात दिला आणि हळूच धाकटीच्या दाराकडे बघितलं, तिने पाहिलं का म्हणून.