गालिच्याखालची फरशी

ओल धरून वास येऊ लागला, म्हणून आमच्या सतराव्या मजल्यावरच्या कॉरिडॉरमधला गालिचा आज कामगारांनी उखडला. खालची फरशी उघडी पडली आणि लिफ्टपासून घरापर्यंत मला माझीच पावलं ऐकू आली.

शेजारचे जोशीकाका एकटे राहत. संध्याकाळी जाळीच्या दारामागे खुर्ची टाकून पेपर वाचत बसत. सोसायटीच्या सभेत एकदा ते म्हणाले होते, "हा गालिचा काढा हो. कोण आलं, कोण गेलं, काही कळत नाही."

मी कमिटीत होतो. "काका, वॉचमन ठेवलाय की आपण," असं म्हणून मी सगळ्यांना हसवलं. काकाही हसले आणि विषय तिथंच संपला.

खरं तर तो गालिचा मलाच हवा होता. काकांचं डोकं पेपरात असलं की मी त्यांच्या दारावरून आवाज न होता निसटत असे. त्यांनी हाक मारली असती, तर माझा अर्धा तास गेला असता.

काका गेल्या उन्हाळ्यात वारले.

आज त्यांच्या बंद दारापुढे मी थांबलो आणि फरशीवर जरा जोरात पाय वाजवला. गालिच्याची गुंडाळी बांधणारा कामगार मान वर करून म्हणाला, "तिथं कुणी नाही, साहेब. मघाशी मीपण बेल वाजवली."