बोंबलाचे दात

"हात वर कर. सगळ्यांना दिसू देत."

केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला मॅडम हे म्हणाल्या आणि मी हात वर केले. दोन्ही. पोलिसांनी पकडल्यासारखे. अकरावी, बोईसरचं कॉलेज, अंगावर नवाकोरा अ‍ॅप्रन. बोटांवर बारीक लाल चरे, दोन-तीन चिघळलेले, अंगठ्याची कातडी सोललेली.

"हे काय? खरूज झालीय?"

मागून कुणीतरी हसलं. शेजारच्या मुलीने आपलं स्टूल सरकवलं.

मला खरूज नव्हती. आम्ही दांडी गावचे, मासेमारी करणारे. आमच्याकडे बोंबील सुकवायला बांबूची वलांडी उभारतात, तिच्यावर दोऱ्या ताणतात. दोन बोंबील घ्यायचे, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि जोडी दोरीवर टाकायची. गाठ नाही, सुतळी नाही. माशालाच मासा धरून ठेवतो. बोंबलाचे दात सुईसारखे, आत वळलेले. माशांची पाटी रिकामी होईपर्यंत बोटं शेकडो वेळा त्या दातांवरून जातात, वर खारं पाणी झोंबतं. हंगामात गावातल्या प्रत्येक बाईचे हात असेच. एखाद्या पोरीच्या बोटांना चरे दिसले नाहीत तर बायका टोमणा मारतात, "काय गं बाय, पावनी आलीस काय?"

एवढं सगळं नको होतं सांगायला. एक वाक्य पुरलं असतं. मॅडम, बोंबलाचे दात लागलेत.

मी म्हणाले, "हो मॅडम. त्वचेचा आजार आहे."

आजारी म्हटलेलं मला चाललं. मासेवालीची पोर म्हटलेलं चाललं नसतं. मी हे अजून स्वतःशी बोलते तेव्हा थुंकावंसं वाटतं. अंगाला रोग चिकटवून घेतला, पण आई लपवली. शरम काही कुणी जन्मताना घेऊन येत नाही. ती शिकवतात. आणि आम्ही फी भरून शिकतो.

"मग कोपऱ्यात उभी राहा. कशाला हात लावायचा नाही," मॅडम म्हणाल्या.

त्या दिवसापासून मी कोपऱ्यात. दुसऱ्यांनी काढलेले आकडे माझ्या वहीत उतरवायचे. "ए, हिची वही घेऊ नका, लागण होईल," असं एक मुलगा म्हणायचा. मी पण हसायचे. हसलं की कमी लागतं, असं वाटायचं.

घरी सांगितलं, अभ्यास आहे, वलांडीवर येणार नाही. माझ्या वाटणीच्या पाट्या आईनेच उरकल्या. तीन आठवड्यांत माझे हात कोरे झाले. तिचे दुप्पट फाटले. कोरे हात घेऊन मी मॅडमपुढे गेले, तर त्या म्हणाल्या, "असले रोग वरून बरे दिसतात. डॉक्टरचं सर्टिफिकेट आण. आणि पालकांना घेऊन ये, लेखी घ्यायचंय."

माझ्या आईला तुम्ही बोईसरच्या बाजारात ऐकायला हवं. सुक्या मासळीच्या ढिगामागे बसते. कंपन्यांतले कामगार भाव पाडायला येतात, तेव्हा तिचा आवाज रस्त्यापलीकडे जातो. "ए भय्या, हाथ नको लगाव! पयला बोल कितना लेता!" ते हसतात, "मौसी, गुस्सा नहीं," म्हणतात आणि ती सांगेल तो भाव देतात. कुणाच्या बापाला न घाबरणारी बाई.

तिला मी म्हणाले, "आये, तिथं बोंबलाचं नाव काडू नको. आजार होता, बरा झाला, एवडंच बोल."

तिने दोन्ही हात माझ्यापुढे धरले. मग म्हणाली, "आनि माजे हात?"

"पदराखाली घे."

हे मॅडम बोलल्या नाहीत. हे मी बोलले.

दुसऱ्या दिवशी ती लग्नकार्यातली साडी नेसून आली. हातांना लिंबू चोळलं होतं. फाटलेल्या बोटांना लिंबू. स्टाफरूममध्ये खुर्ची रिकामी होती, ती बसायला गेली, तर मॅडम म्हणाल्या, "बसू नका, उभ्यानेच बोला. घरात अजून कुणाला आहे हे?"

"नाय मॅडम. हिला एकलीलाच. आता बरी हाय." हात पदराखाली.

"घरात स्वच्छता ठेवत जा. तुम्हा लोकांना तेच तेच सांगावं लागतं."

"व्हय मॅडम."

मॅडमनी कागद पुढे सरकवला. सही करा. मग हात बाहेर काढावाच लागला. आईने पेन धरलं आणि मॅडमची खुर्ची मागे गेली.

"अरे देवा, तुम्हाला पण! ठेवा, ठेवा ते पेन. नको."

आईने पेन ठेवलं. माझ्याकडे बघितलं. मला वाटलं होतं, तिच्या डोळ्यांत राग असेल. राग नव्हता. घाबरली होती ती. मॅडमना नाही, मला. माझं खोटं तिच्या हातून उघडं पडलं म्हणून. अगदी हळू म्हणाली, "चुकलं गं बाय माजं."



"मॅडम, हा आजार नाय," मी म्हणाले. तोंडातून घरचीच बोली आली. "बोंबलाचे दात हाईत. आमी बोंबील सुकवतो. मी खोटं बोलले. आईला पण मीच बोलायला लावलं."

"मग महिनाभर खोटं का बोललीस?"

"तुमी हसाल म्हनून."

आणि ते हसले. खरंच हसले. कोपऱ्यात चहा पीत बसलेले एक सर म्हणाले, "बोंबीलच सुकवायचे तर सायन्स कशाला घेतलं?" आणखी दोघं हसले. अकरावीच्या पहिल्या दिवसापासून मी ज्याला भीत होते ते हे हसू. सरांनी कप बशीत ठेवेपर्यंत ते संपलं. एवढंसं होतं. मी तिथेच उभी होते. एवढ्याशासाठी मी आई विकली होती.

मी आईच्या पुढ्यात कागद सरकवला आणि माझं पेन तिच्या हातात दिलं. तिने सही केली नाही. "नको गं, चल," म्हणाली.

तुम्हाला वाटेल, बाहेर आल्यावर तिने मला जवळ घेतलं असेल. नाही. रिक्षात म्हणाली, "कशाला बोललीस? आता तुलाच तरास देतील." दिलाच. प्रॅक्टिकलचे मार्क कापले, वर्षभर घालूनपाडून बोलले. त्याचं मला काही नाही.

दुःख दुसरंच आहे. बाजारात ती आजही तशीच गरजते. पण बँकेत, दवाखान्यात, तलाठ्याकडे, समोर कुणी शिकलेला बसला की तिचे हात पदराखाली जातात. आधी जात नव्हते. मी कितीदा सांगितलं, आये, हात भाईर काड. ती हसते आणि पदर आणखी ओढून घेते. माझी जीभ त्या दिवशी सुटली. तिच्या हातांना मी जे शिकवलं ते काही सुटलं नाही. बहुतेक सुटणारही नाही.

आता मी आमच्या मासेमार लोकांसाठी गावोगाव पत्रकं वाटते, सभांत बोलते. आमचेच लोक सांगतात, हे पत्रकात छापू नको, घरच्या गोष्टी, आईची बदनामी होईल. आईची कशी? बदनामी माझी आहे आणि ती मला चारचौघांत हवी आहे, कारण खोटं मी चारचौघांतच बोलले होते. म्हणून प्रत्येक सभेत, प्रत्येक कचेरीत, कुणी विचारायच्या आत मी कोण आणि कुणाची ते सांगणार, आणि मी काय केलं तेही सांगणार. तुम्हाला हसायचं असेल तर हसा. तुमचं हसू संपायची वाट बघत मी थांबणार नाही, बोलत राहीन.