पट्ट्याला लोणी

त्या पोळ्याच्या सकाळी मला एक माणूस मारावासा वाटला होता. दुपारपर्यंत माणूस बदलला, राग तोच राहिला.

चामोर्शीजवळ एका लाकूड-ठेकेदाराच्या बागेत मी पडेल ते काम करत होतो. घर दूर साताऱ्याकडे, शाळा सातवीतच सुटलेली. चांद्याच्या एका मुसलमान मिस्त्रीनं हाताशी धरलं नसतं, तर कुठं गेलो असतो देव जाणे. मी त्यांना चाचा म्हणायचो. गोठ्यात बागेपुरता एक छोटा ट्रॅक्टर गंजत पडला होता. दोन मुठी धरून मागून चालत हाकायचा. कोंबड्या त्याच्या इंजिनवर अंडी घालत. ठेकेदार म्हणाला होता, "चालू केलास तं त्याच्यावर कायमचा तूच." माझा जीव त्या शब्दावर टांगलेला. उन्हाळाभर चाचांनी आणि मी तो उकलला, घासला, जोडला. मागं नांगर बसवला. वखर आणि गवत कापायचं पातं तेवढं गंजातच राहिलं.

पोळ्याला बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. ठेकेदाराला नेमकी तीच थट्टा सुचली. "आज बैलाले सुट्टी. आपला लोखंडी बैल पाहा!" सारं गाव जमवलं.

इंजिन पहिल्याच झटक्याला लागलं. चाकं मात्र हलेनात. चाकांकडे जाणारा चामड्याचा पट्टा जागच्या जागी घसरत होता. इंजिन बंद करून हात लावला, तर लोणी आणि हळद!

"मीच लावलं, बाबू," ठेकेदाराचा म्हातारा गडी शांतपणे म्हणाला. "काल लोणी-हळद लावून बैलाचे खांद शेकले. मंग याले काऊन सोडाव? थो बी कामालेच जाते ना?"

"कुणाला विचारून लावलं?" मी ओरडलो.

"बैलाले लावताना कोनाले इचारतो मी?"

गाव खदखदलं. ठेकेदार सगळ्यांत मोठ्यानं. "जुंपा रे बैल, ओढा याले!"

"आज नाई जुंपत," गडी म्हणाला आणि तिथंच खाली बसला.

चाचांनी माझ्या पाठीत धपका घातला. "चिल्लाना बंद. रॉकेल आण." पट्टा रॉकेलनं पुसला, राखेनं घासला, पकड यावी म्हणून वर राळेची पूड चोळली. पुन्हा इंजिन लावलं. फाळ मातीत शिरला आणि बागेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत काळी रेघ उमटली. पोरं मागं धावली. मला रडू आवरेना.

"चालला ना?" ठेकेदार म्हणाला. "आता मूठ तं कोनीबी धरते. मिस्त्री, या पोट्ट्याले उद्या गाडीत बसवून द्या."

"तुम्ही शब्द दिला होता!"

"शब्द? संध्याकाळी तोरणाखाली लोक झडत्यांची गाणी म्हनतेत, त्यात तुझीबी म्हन."

माझ्या हातात पाना होता. चाचांनी तो काढून घेतला.

"सेठ, वखर बाकी हाये, पातं बाकी हाये. पोरगा गेला तर मीबी चाललो. घास तुमीच कापजा."

ठेकेदार पिचकन पान थुंकला. "किती दिवस लागन?"

"जंग बहुत है, सेठ."

"मंग तवर राहू दे याले," म्हणत ठेकेदार निघून गेला.

मी पातं ओढून काढलं आणि दात-ओठ खात कानस चालवू लागलो. गंजाचे पोपडे उडत होते. थोड्या वेळानं चाचांनी माझं मनगट पकडलं.

"अरे, इतक्या रागानं घासशील तर परवाच संपेल. आहिस्ते, बेटा. आहिस्ते."