गतिरोधकावर पोट घासलेली गाडी

ती घटना आठवली की आजही मला आरोपीच्या आधी एक गतिरोधक आठवतो. अकोल्यातला, वळण संपताच अंगावर येणारा. कुणी घातला आणि कशासाठी, हे त्या गल्लीतल्या लोकांनाही सांगता येत नव्हतं. त्या गतिरोधकाने एका माणसाची अब्रू वाचवली. माझीही थोडी वाचवली. ती तोवर आमच्या पोलीस ठाण्यात फारशी उरलेली नव्हती.

का उरली नव्हती, ते आधी सांगतो. काही महिन्यांपूर्वीच मी बदलीवर अकोल्याच्या ठाण्याचा प्रमुख म्हणून आलो होतो. निवृत्ती जवळ आली होती आणि अमरावतीच्या घरासमोर एक सेडान उभी असावी, अशी हौस मला लागली होती. उंच गाड्यांचा जमाना आला होता, पण माझं मन लांब नाकाच्या, डिकीवाल्या गाडीतच अडकलेलं. वर्षभर मी गाड्या पाहत होतो. कोणत्या गाडीची डिकी किती खोल, मागच्या सीटवर गुडघे कुठवर येतात, कोणती रिकामी असताना पळते आणि पाच माणसं बसली की धापा टाकते, हे सगळं मला पाठ होतं. शोरूमवाले मला पाहिलं की चहा सांगायचे आणि स्वतः आत निघून जायचे. आमचे हवालदार, ठाण्यात माझ्या तोंडावर बोलायचा हक्क असलेला एकच जुना माणूस, एकदा म्हणाले, "सायेब, तुमी गाडी पाहून राहिले का पोरगी पाहून राहिले? इतके कांदेपोहे तं माह्या साळ्यानंबी नाई खाल्ले."

मी चिडलो. पण बोलणं खोटं नव्हतं.

त्यातच एका दुपारी आमच्या हद्दीत अपघात झाला. रेल्वेत काम करणारा एक माणूस दुचाकीवरून घरी जात होता. पांढऱ्या सेडानने त्याला मागून उडवलं आणि गाडी न थांबता निघून गेली. माणूस वाचला, पण पायाची हाडं मोडली. जवळच्या दुकानाच्या कॅमेऱ्यात गाडी आली होती. आत एकच माणूस होता, त्याचा चेहरा दिसत नव्हता, नंबर मात्र स्वच्छ दिसत होता. मालक निघाला बडनेऱ्याजवळच्या गावातला, झेंडू आणि शेवंती पिकवणारा बागायतदार.

गाडीचा शोध लागायच्या आधीच ठाण्यात एक फोन आला. बोलणारा नाव सांगायला तयार नव्हता. "मी समोर पाहिलं," तो म्हणाला. "थे बडनेऱ्याकडच्या फुलवाल्याची गाडी हाये. पुढून डाव्या कोपऱ्यात चेपलेली हाये, पाहून घ्या."

आम्ही पाहून घेतलं. गाडी फुलवाल्याच्या अंगणात उभी होती आणि पुढून डाव्या कोपऱ्यात चेपलेलीच होती. इतकी सरळ केस मला नोकरीत क्वचितच मिळाली असेल. गाडी ताब्यात घेतली आणि त्याला चौकशीला ठाण्यात बोलावलं. तो आला तो बायकोला घेऊनच. दोघंही पन्नाशीच्या पुढची. तिच्या पदराला अजून फुलांचा वास होता.

"हे चेपलं कशानं?" मी विचारलं.

"म्हशीनं शिंग मारलं, साहेब."

हवालदारांनी खिडकीबाहेर पाहिलं. हसू दाबायची त्यांची ती पद्धत होती.

"त्या दिवशी दुपारी कुठं होतात?"

"वावरात."

"अकोल्याला आला नव्हता?"

"नाई जी. मी काहून येऊ अकोल्याले?"

बायको लगेच म्हणाली, "वावरातच होते हे. सकाळी डब्बा घेऊन गेल्ते."

मी टोलनाक्यावरची नोंद मागवलेलीच होती. त्याची गाडी त्या सकाळी अकोल्याकडे गेली होती आणि संध्याकाळी परतली होती. ते मी सांगितल्यावर त्याचं तोंड उतरलं. बायकोने त्याच्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "मशीन चुकलं असन." मी टेबलावर हात आपटला, आवाज चढवला. तीस वर्षांत कमावलेली सगळी विद्या त्याच्यावर वापरली. तो खाली मान घालून "वावरातच होतो" म्हणत राहिला.

वरिष्ठांचा फोन आला होता. जखमी माणसाचे सहकारी ठाण्यासमोर जमत होते. सगळ्यांना अटक हवी होती, आणि खरं सांगायचं तर मलाही. फौजदाराला कागद तयार करायला सांगितले.

त्याच वेळी एक मामुली गोष्ट झाली. फुलवाल्याच्या बायकोला चक्कर आल्यासारखं झालं. आमच्या महिला शिपायाने तिला बाहेर नेऊन पाणी दिलं, चहा दिला. दार बंद झाल्याबरोबर हा गृहस्थ खुर्ची पुढे ओढून कुजबुजत म्हणाला, "साहेब, मी आलतो अकोल्याले. पन तिच्यासमोर सांगू नोका."

"बाई आहे का काही?"

"नाई हो बाप्पा. गाडी पाह्याले आलतो. शोरूममदी."

आणि मग सगळं बाहेर पडलं. घरात ही गाडी आली आणि त्या वर्षी झेंडूला कधी नव्हे तो भाव मिळाला. तेव्हापासून बायकोच्या लेखी ती नुसती गाडी राहिली नव्हती. दसऱ्याला घरच्या फुलांची सगळ्यात जाड माळ तिलाच. विकायचं नाव काढलं की घरात चूल पेटायची नाही. याला मात्र मोठ्या डिकीची नवी सेडान हवी होती. म्हणून तो चोरून शोरूम हिंडत होता. मोबाइलवर जाहिरात टाकून जुन्या गाडीला गुपचूप गिऱ्हाईकही शोधत होता.

"कोणती पाहिली?" मी विचारलं.

त्याने सांगितलं.

"तिचं मागचं छत बसकं आहे," मी म्हणालो. "उंच माणसाचं डोकं लागतं."

"म्या बी तेच म्हनलं त्याले. अन् स्टेपनी लहान देते."

फौजदार अटकेचे कागद घेऊन दारात उभे होते आणि त्यांचा अधिकारी आरोपीशी स्टेपनीवर चर्चा करत होता. ते दृश्य ठाण्यात पुढे बरेच दिवस नकलेसह सादर होत असे. पण माझ्या डोक्यात एक गोष्ट ठसली. हा माणूस खोटं बोलत होता ते पोलिसांना फसवायला नाही, बायकोला घाबरून. आणि चौकशी करताना बायकोला शेजारी बसवण्याचा शहाणपणा माझा होता.

अटक थांबवली. शोरूमवाल्याने तो आल्याचं सांगितलं, पण वेळेची खात्री त्याला नव्हती. नंबर त्याचा, तो शहरात, गाडी चेपलेली. एवढ्यावर कोणीही त्याला आत टाकलं असतं. मी कॅमेऱ्यातलं चित्रण पुन्हा लावलं.

गाडी दुचाकीला धडकते, वेग वाढवते आणि पुढच्या गतिरोधकावरून जाते. जाताना तिचं पोट गतिरोधकावर जोरात घासतं. खालून काळी पट्टी तुटून लोंबते, ती फरफटत गाडी दिसेनाशी होते. हे आम्ही सगळ्यांनी आधीही पाहिलं होतं. पण आता मी ते गाडी घेऊ पाहणाऱ्या माणसाच्या डोळ्यांनी पाहिलं. सेडानचं पोट घासणं हा माझ्या खास अनुभवाचा विषय. अमरावतीत अशाच एका चाचणीच्या फेरीत मी बायको, मेहुणा आणि शोरूमचा माणूस यांच्यासकट गाडी गतिरोधकावर टेकवून ठेवली होती. मागच्यांना उतरवल्याशिवाय ती पुढे सरकली नव्हती, आणि भाजीवाल्या बायांनी पदर तोंडाला लावून तो सोहळा पाहिला होता.

फुलवाल्याच्या गाडीखाली मी वाकून पाहिलं. खालचं आवरण शाबूत, जुनं, चिखलाने माखलेलं. आणि गाडी जमिनीपासून चांगली उचललेली.

"हे काय केलंय?"

"स्प्रिंगमदी रबरी तुकडे टाकले, साहेब. वावराचा रस्ता तसा. फुलाची पोती मांगं टाकली की पोट टेकते."

गाड्या चालवणाऱ्यांना हे माहीत असतं. आपल्याकडे शेताला जाणारे पांदणीचे कच्चे रस्ते, म्हणून सेडानवाले तिला अशी उंच करून घेतात. गॅरेजच्या कारागिराला बोलावलं. बोल्ट गंजलेले होते, त्यावर वर्षांचा थर होता. अपघातानंतर केलेलं काम ते नव्हतं.

पंच बोलावले आणि त्याच गतिरोधकावरून तीच गाडी नेऊन पाहायची ठरवली. माणसं मी निवडली ती ठाण्यातली सगळ्यात भरदार. हवालदार पुढे, तिघे मागे. गल्ली जमली. गाडी तितक्याच वेगाने गतिरोधकावरून गेली आणि कुठेही टेकली नाही. परत नेली. तरी नाही.

"सायेब," हवालदार उतरत म्हणाले, "आमी चौघं बसून टेकली नाई. कॅमेऱ्यातली एकट्या मानसानं टेकली. थे गाडी दुसरी हाये."

मी तेच म्हणणार होतो. पण त्यांनी आधी म्हटलं, हे नोंदवणं भाग आहे.

एका नंबरच्या दोन पांढऱ्या गाड्या. दुसरी शोधायची कशी, याचं उत्तर त्या निनावी फोनमध्येच होतं. फोन करणाऱ्याला चेप माहीत होता. धडकेत झालेला नव्हे, म्हशीने मारलेला, अंगणात उभ्या गाडीचा. मी फुलवाल्याला विचारलं, "हा चेप जवळून कोणी पाहिलाय?"

"घरच्यांनी. अन् थ्या अकोल्याच्या गाडीवाल्यानं. जाहिरात पाहून आलता. बडनेरा टेसनाच्या बाहेर दाखवली मी त्याले, घरी समजू नये म्हनून. खाली वाकून, सीटखालचा चेसिस नंबर, कागदपत्रं, सगळ्याचे फोटो काढले त्यानं. मंग म्हने चेपलेली हाये, जमत नाई."

मोबाइलमध्ये त्याचा नंबर 'अकोला गाडीवाला' म्हणून जपून ठेवलेला होता. निनावी फोनही त्याच नंबरावरून आला होता. इतकं नजरेसमोर असलेलं मी आधी पडताळलं नव्हतं, कारण खबर खरी निघाली होती. खरी निघालेली खबर कोण तपासतो?

तो जुन्या गाड्या विकणारा माणूस होता, शहराबाहेर पत्र्याच्या शेडमध्ये. मी अकोल्यात नवा असल्यामुळे तो मला ओळखत नव्हता. साध्या वेशात गिऱ्हाईक म्हणून जायचं ठरलं, आणि एकटा पुरुष संशयाचा वाटतो म्हणून मी बायकोलाही अमरावतीहून बोलावलं. ती म्हणाली, "शोरूममध्ये नेऊन झालं, आता छाप्यातही गाडीच दाखवा."

शेडमध्ये कोपऱ्यात तशीच पांढरी सेडान उभी होती. नंबरपाटी काढलेली. "नवा नंबर यायचाय," तो म्हणाला. पुढचा डावा कोपरा बाकीच्या गाडीपेक्षा जास्त चकचकीत होता.

आणि इथे मी पुन्हा घसरलो. गाडी आतून फारच चांगली ठेवली होती. मी डिकी उघडली, मागे बसून पाहिलं, मायलेज विचारलं, किमतीत घासाघीस सुरू केली. त्याने थोडं उतरवलं, मी आणखी मागितलं. मला वाटतं मी विसाराची रक्कम विचारायच्या बेतात होतो, तेवढ्यात बायको माझ्या कानाशी म्हणाली, "अहो, आपण ही पकडायला आलोय ना?"

एक फेरी मारू म्हणालो. तो शेजारी बसला, बायको मागे. रस्त्यात पहिला गतिरोधक आला तसा तो सवयीने म्हणाला, "काका, जरा तिरपी घ्या. हिचं पोट लागते. मागं खालचं सारं आवरनच तुटलं होतं, नवं टाकलं मी."

"कुठं तुटलं?" मी गाडी तिरपी घेत विचारलं.

मी गाडी तशीच सरळ ठाण्याच्या आवारात नेली. सीटखालचा नंबर घासून पुन्हा ठोकलेला होता, फुलवाल्याच्या गाडीचाच. कर्जाच्या भानगडीतली, परराज्यातली बिनकागदाची गाडी त्याने या नंबरावर चालवली होती. अपघात झाल्यावर बोट फुलवाल्याकडे वळवायला फोनही त्यानेच केला होता. नव्या आवरणाची गोष्ट त्याच्या तोंडून निघून गेलेली होती. संध्याकाळपर्यंत त्याने सगळं कबूल केलं.

खटल्यात फुलवाल्याची साक्ष झाली. शपथेवर विचारलं, त्या दिवशी अकोल्याला कशासाठी आला होता. मागच्या बाकावर त्याची बायको बसली होती. त्याने आधी माझ्याकडे, मग तिच्याकडे पाहिलं. शेवटी खरं बोलला, शोरूममध्ये नवी गाडी पाहायला. आरोपीला शिक्षा झाली, पण त्या दिवशी कोर्टात सगळ्यात घाबरलेला माणूस साक्षीदाराच्या पिंजऱ्यात होता.

बाहेर आल्यावर ती बाई मला म्हणाली, "साहेब, माह्या मानसाले आत टाकलं असतं तं मीच म्हनलं असतं, बरं झालं, लबाड हाये." मग थांबली आणि म्हणाली, "पन टाकलं नाई तुमी."

या केसने मला दोन गोष्टी शिकवल्या. चौकशीत पकडलेलं खोटं गुन्ह्याचंच असतं असं नाही. माणसं घरच्यांना घाबरूनही पोलिसांशी खोटं बोलतात, आणि ते खोटं जास्त घट्ट असतं. दुसरं, ज्या खबरीने काम फार सोपं होतं, तिच्यामागे कोण आहे ते आधी पाहावं. नोकरीत मी मोठमोठे गुन्हेगार पकडले, त्यांची कात्रणं घरात आहेत. पण कुणी विचारलं, साहेब, सगळ्यात चांगलं काम कोणतं, तर मी न केलेली ही एक अटक सांगतो. आणि छाती थोडी पुढे येतेच, लपवत नाही.