पाचजणींचं एकच चुकीचं उत्तर

कॉपी केली असं मला आयुष्यात एकदाच कुणी म्हटलं, आणि त्या दिवसाचा मला अजून अभिमान वाटतो.

२००७च्या आसपासची गोष्ट. मी कोल्हापुरात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. इंग्रजी शिकवणाऱ्या मॅडमनी त्या वर्षी नवीनच खूळ काढलं. म्हणजे खूळ आम्ही त्यांच्या माघारी म्हणायचो. तासाला येण्याआधी धडा घरून वाचून यायचा, आणि तो वाचलाय हे दाखवायला आदल्या संध्याकाळी इंटरनेटवर क्विझ सोडवायची. दिलेल्या पर्यायांतून उत्तर निवडायचं, वेळ संपली की पान आपोआप बंद. त्याचे गुण निकालात धरणार होते. मला पुढच्या वर्षी स्पेशल इंग्रजी घ्यायचं होतं, आमच्या घरात तोवर कुणी घेतलं नव्हतं, त्यामुळं मी ते खूळ फार मनावर घेतलं.

आम्ही पाचजणी कायम बरोबर असायचो. एक नेसरीची, एक मलकापूरची, त्या दोघी हॉस्टेलला. बाकी आम्ही तिघी कसबा बावड्याच्या. इंग्रजी गोष्ट एकटीनं वाचायची म्हटलं की दुसऱ्याच पानावर डोळे मिटायचे. म्हणून मी एक पद्धत काढली. काढली कसली, लहानपणापासूनची होती. आमच्या वस्तीतल्या विहारात वर्षावासाचे म्हणजे पावसाळ्याचे तीन महिने रोज संध्याकाळी ग्रंथवाचन असतं. एकानं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं आणि शेवटी प्रत्येकानं आपण काय ऐकलं ते सांगायचं. सांगितल्याशिवाय उठायचं नाही, मग दिवसभर रानात भांगलण करून, तण काढून आलेली बाई का असेना. सातवीत असल्यापासून वाचायला मलाच बसवायचे. एक तर मी अडखळत नसे, आणि दुसरं म्हणजे कुणी डुलकी काढली की तिचं नाव घेऊन थांबत असे. माझा स्वभाव तेव्हापासूनच असा आहे.

तेच मी कॉलेजच्या मागच्या पायऱ्यांवर सुरू केलं. एक परिच्छेद इंग्रजीत मोठ्यानं, मग मराठीत, मग "आता तू सांग". नेसरीची वर्गात कधी तोंड उघडत नसे, पण पायऱ्यांवर सगळ्यांत खुसखुशीत तीच सांगायची. ही पद्धत मी कुठून आणली ते कुणी विचारलं नव्हतं, मीही सांगितलं नव्हतं.

वाचून झालं की नेटकॅफे. संध्याकाळी भारनियमन असायचं आणि कॅफेवाल्याकडं बॅटरीवर एकच कॉम्प्युटर चालायचा. आम्ही एकीमागून एक बसायचो. जी बसली असेल तिच्या पाठीशी कुणी उभं राहायचं नाही, बाकीच्यांनी बाहेरच्या बाकावर थांबायचं, हा नियम माझा. पहिल्या सगळ्या क्विझमध्ये पाचहीजणींना पैकीच्या पैकी मिळाले आणि आमची मान वर्गात चांगलीच ताठ झाली.

मग ती गोष्ट आली. भाऊ वारला म्हणून एक माणूस लांबून त्याच्या घरी येतो. भावजय विचारते, जेवणार का? तो नको म्हणतो. ती बरं म्हणते आणि ताट उचलून ठेवते. तो तसाच उठून थंडीत बाहेर चालू लागतो. क्विझमध्ये प्रश्न होता, तो न जेवता का निघून गेला? बरोबर उत्तर होतं, दुःखानं त्याची अन्नावरची वासना गेली होती म्हणून. आम्ही पाचहीजणींनी निवडलं, भावजयीनं आग्रह केला नाही म्हणून.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी आम्हाला स्टाफरूममध्ये बोलावलं. पाचजणी, एकच कॉम्प्युटर, एकामागोमाग एक, आणि सगळ्यांची एकच चूक. वर्गात दुसऱ्या कुणीही तो पर्याय निवडलेला नव्हता. "बरोबर उत्तर सारखं येऊ शकतं," मॅडम शांतपणे म्हणाल्या, "चुकीचं कसं येईल? मला सगळ्याच क्विझचे गुण रद्द करावे लागतील." गुण गेले म्हणजे स्पेशल इंग्रजी गेलं, आणि वर कॉपी केल्याचा शिक्का. मला रडू यायला हवं होतं, पण आला राग.

"मॅडम, कॉपीच करायची असती तर बरोबर उत्तराची केली असती," मी म्हणाले. "एकेकीला आत घ्या आणि गोष्ट विचारा."

त्यांनी आधी नेमकं नेसरीचीलाच ठेवून घेतलं आणि आम्हाला बाहेर काढलं. ही बाई वर्गात हजेरीसुद्धा पुटपुटते, इथं काय बोलणार? दाराला कान लावून उभी राहिले. मॅडमनी इंग्रजीत काहीतरी विचारलं आणि तिनं आमच्याकडच्या बायका बोलतात तशा मराठीत सुरुवात केली, "मी सांगतो की." स्टेशन, पाऊलवाट, खुंटीला टांगलेला मेलेल्या भावाचा कोट, एकही गोष्ट तिनं सोडली नाही. ताट उचलण्यापर्यंत आली तेव्हा दाराला कान लावायची गरजच उरली नाही.

"आवं मॅडम, सख्खा दीर हाय! पावणं नगं म्हणलं, आन् ही लगीच ताट उचलती? दोनदा तरी म्हणायचं की!"

"पण तिचाही नवरा गेलाय ना?" मॅडम म्हणाल्या. "आणि त्याला भूकच नव्हती. दुःखात भूक कुठं असते?"

"व्हय की. म्हणून तर आग्रव करायचा," ती म्हणाली. "भूक असणाऱ्याला कशाला आग्रव लागतोय?"

माझे डोळे तेव्हा भरले, आणि ते दुःखानं नव्हे. पायऱ्यांवर मी तिला एवढं कधीच शिकवलं नव्हतं.

मॅडमनी मग आम्हा सगळ्यांना आत घेतलं. असं वाचायला कुणी शिकवलं, असं विचारलं. नेसरीचीनं माझ्याकडं बोट केलं. मी सरळ उभी राहून सांगितलं, "आमच्या विहारात वाचतात असं. वर्षावासात." स्टाफरूममधले दोघंतिघं मान वर करून बघू लागले. बघू देत, म्हटलं. नेसरीची मात्र लगेच म्हणाली, "आमच्यात मठात पुराण लावत्यात, तसंच की." मॅडमनी कॉपीचा विषय मिटवला, आमचे गुण राखले. फक्त म्हणाल्या, त्या एका प्रश्नाचे देता येणार नाहीत, कारण घास उतरणार नाही असं त्याला वाटतं हे मागच्याच पानावर लिहिलंय. ते खरंच लिहिलेलं होतं. मी ते वाचलंही होतं, पण ताट उचललं त्याचा मलाच एवढा राग आला होता की मराठीत सांगताना मागचं पान त्यात वाहून गेलं.

त्या संध्याकाळी विहारात वाचन झाल्यावर मी ती गोष्ट सगळ्यांना सांगितली. ताटापाशी आले तशा बायका एकदम उसळल्या. "आगं, दोनदा तरी म्हणायचं!" सगळा विहार त्या प्रश्नाला नापास झाला आणि मला हसू आवरेना.

आई पुढं बसली होती. ती हसली नाही. "मग त्या प्रश्नाचं गुण दिलं का न्हाईत?" तिनं विचारलं.

"नाही दिले. आपलं उत्तर चुकलं."

"ऱ्हाऊ देत त्येंचं गुण," आई म्हणाली. "तू काय उत्तर बदलू नगंस."